घटक ४ : छायाचित्राची रचना आणि संगणकीय संपादन

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस छायाचित्राच्या चौकटीत काय घ्यावे व काय सोडावे याचा विचार करता येईल. समुद्रकिनाऱ्यावरील प्रकाश आणि भरती-ओहोटी लक्षात घेऊन छायाचित्रणाची वेळ ठरवता येईल. संपादनातील मूलभूत क्रिया समजतील. आणि कोणत्या क्रियेने चित्र केवळ स्वच्छ होते व कोणत्या क्रियेने त्याचा अर्थ बदलतो, हे सकारण सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात छायाचित्रणाचा घटक कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. मागील घटकांत आपण बातमी आणि वृत्तलेख यांचा विचार केला. आज गावातून वृत्तपत्राकडे जाणारी बातमी सहसा एकटी जात नाही. तिच्यासोबत मोबाइलवर काढलेले छायाचित्र जाते. संस्थेची स्मरणिका, ग्रामपंचायतीचा अहवाल, शाळेचे हस्तलिखित, सर्वत्र हीच स्थिती आहे. वाचकाची दृष्टी आधी चित्रावर पडते, मग ओळीवर आणि सर्वांत शेवटी मजकुरावर. म्हणजे छायाचित्र हेही एक विधान आहे आणि विधानांचा अभ्यास हा भाषेच्या विद्यार्थ्याचा विषय आहे.

या संदर्भात आपल्या भाषेतील शब्दच पुष्कळ सांगून जातात. ‘फोटोग्राफी’ हा शब्द ग्रीक धातूंपासून घडविलेला असून त्याचा अर्थ ‘प्रकाशाने लिहिणे’ असा होतो. मराठीने मात्र ‘छायाचित्र’ हा शब्द स्वीकारला. प्रकाशाऐवजी छायेला मान दिला. त्याहून बोलका आहे तो क्रियापदाचा वापर. आपण छायाचित्र ‘काढतो’. हे क्रियापद चित्र रेखाटण्यासाठी वापरतात, तसेच विहिरीतून पाणी वर आणण्यासाठी आणि पायातला काटा दूर करण्यासाठीही वापरतात. रेखाटणे, बाहेर आणणे आणि वगळणे या तिन्ही अर्थच्छटा छायाचित्रणात एकत्र नांदतात. समोरच्या अफाट दृश्यातून एक चौकोन आपण बाहेर आणतो, त्यातून काहीतरी रेखाटतो आणि पुढे संपादनाच्या वेळी त्यातले काही पुन्हा वगळतो. या घटकातील विवेचन याच तीन अर्थांभोवती फिरणार आहे.

इतिहासाविषयी थोडक्यात. १८३९ मध्ये पॅरिस येथे छायाचित्रणाची पद्धती जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झालेली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतील छायाचित्रकार. काचेच्या जड तबकडीवर एकेक चित्र उमटविणाऱ्या त्या पिढीला चौकटीचा विचार कळ दाबण्यापूर्वीच करावा लागे. आज एका मिनिटात पन्नास चित्रे काढता येतात, आणि तो विचार करण्याची सक्ती उरलेली नाही.

४.२ चौकट

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहून कुलाबा किल्ल्याचे छायाचित्र काढावयाचे आहे, असे समजू. बहुतेकांच्या चित्रात क्षितिजरेषा बरोबर मधोमध असते. वर अर्धे आकाश, खाली अर्धी वाळू आणि मध्ये अंगठ्याच्या नखाएवढा किल्ला. हे चित्र वाईट का वाटते? त्यात आकाश, वाळू आणि किल्ला या तिघांनाही सारखेच महत्त्व मिळाले आहे. म्हणजे कोणालाच मिळालेले नाही. कर्ता, कर्म आणि विशेषणे यांवर एकाच वेळी जोर दिलेल्या वाक्यासारखी त्याची अवस्था होते.

येथे ‘तृतीयांशाचा नियम’ उपयोगी पडतो. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन समान भाग कल्पून महत्त्वाच्या रेषा व वस्तू त्या विभागरेषांवर ठेवाव्यात, असा हा नियम आहे. तो कॅमेऱ्याहून जुना आहे. जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांविषयी लिहिताना तो मांडला होता. बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्यात या रेषा पडद्यावर दाखविण्याची सोय असते. ती सुरू करून ठेवावी. मात्र रेषा वर ठेवायची की खाली, हे नियम सांगत नाही. ते विषयावरून ठरते. ओहोटी हा विषय असेल तर क्षितिज वरच्या रेषेवर न्यावे. मग खालच्या दोन भागांत ओली वाळू, तिच्यावरच्या लाटांच्या खुणा आणि किल्ल्याकडे चालत निघालेल्या माणसांची रांग येईल आणि ती रांगच पाहणाऱ्याची दृष्टी किल्ल्यापर्यंत नेईल. जुलैतले ढग हा विषय असेल तर क्षितिज खालच्या रेषेवर. किल्ला हाच विषय असेल तर, ओहोटी असताना, चालत जवळ जावे हे उत्तम. मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटांनी दृश्य मोठे केले, तर एका मर्यादेनंतर यंत्र चित्राच्या कडा कापून उरलेला भाग ताणून दाखवीत असते. त्यात नवा तपशील येत नाही. पाय हीच आपली सर्वांत चांगली भिंग आहे.

उंचीचा विचार फारसा कोणी करीत नाही, हे आश्चर्यच आहे. रेवदंडा, आग्राव किंवा मुरूडच्या कोळीवाड्यात किनाऱ्याला लागलेल्या होडीसमोर उभे राहून चित्र काढले तर होडी पाण्याच्या पार्श्वभूमीवर येते व तिच्यात मिसळते. तेथेच उकिडवे बसून चित्र काढा. नाळ आणि डोलकाठी क्षितिजाच्या वर आकाशात उठून दिसतील. जागा तीच, वेळ तीच. केवळ डोळ्यांची पातळी तीन फुटांनी बदलली. माणसाचे चित्र काढताना क्षितिजरेषा त्याच्या मानेतून जाणार नाही एवढे याच रीतीने सांभाळावे.

चौकटीच्या कडांकडे शेवटी एकदा अवश्य पाहावे. कडेला अर्धवट कापलेला हात, कोपऱ्यातली प्लास्टिकची पिशवी, डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा विजेचा खांब. या गोष्टी डोळा दुर्लक्षितो, कॅमेरा दुर्लक्षित नाही. एक पाऊल बाजूला सरकल्याने जे साधते त्यासाठी पुढे संपादनात अर्धा तास घालवावा लागतो.

४.३ प्रकाश आणि पाणी

रायगडचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. ही शालेय भूगोलातील माहिती छायाचित्रकाराला रोज उपयोगी पडते. सकाळी सूर्य जमिनीकडून, डोंगरांमागून वर येतो. त्यामुळे किनाऱ्यावरून पाहताना जलदुर्गांच्या तटांवर समोरून उजेड पडतो व काळ्या पाषाणाचे सांधे दिसतात. संध्याकाळी सूर्य त्यांच्या मागे जातो आणि तोच तट नुसती काळी आकृती होऊन राहतो. बांधकामाचा तपशील हवा असेल तर सकाळ, आकार हवा असेल तर संध्याकाळ. दुपारी बारा ते तीन या वेळेत प्रकाश वरून कोसळतो, चेहऱ्यांवर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तेव्हा माणसांची चित्रे पडवीत किंवा माडांच्या सावलीत काढावीत.

प्रकाशाइतकीच पाण्याची वेळ महत्त्वाची. कोकणात भरतीची वेळ काढण्याची एक तोंडी रीत आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती व बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी पहाटे पाच व संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. यातून एक सुंदर योग निघतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, त्या दिवसांत पाणी सर्वांत मागे जाते, आणि ती ओहोटी नेमकी तिरप्या, मऊ प्रकाशाच्या वेळेजवळ येते. अष्टमीच्या भांगाला मात्र ओहोटी भर दुपारी. ही रीत स्थूल आहे, तासाभराचाही फरक पडू शकतो. किल्ल्याकडे पायी जाण्यापूर्वी त्या दिवसाची भरतीची वेळ स्थानिकांना विचारूनच घ्यावी. चित्रासाठी पाण्यात अडकण्यात काही पुरुषार्थ नाही.

कॅमेरा एकूण दृश्याचा उजेड मध्यम राखड्या छटेपर्यंत आणण्याचा प्रयत्न करतो. समोर चमकणारा समुद्र असेल तर यंत्र उजेड कमी करते आणि वाळूवरची माणसे काळी पडतात. मोबाइलवर मुख्य विषयाला बोटाने स्पर्श केल्यास यंत्र त्याच्या उजेडाचे माप घेते. जवळच दिसणारी सूर्याची खूण वर-खाली सरकवून ते आणखी जुळविता येते. याला एक्स्पोजर जुळविणे म्हणतात. एक गोष्ट लक्षात ठेवावी: पूर्ण पांढऱ्या झालेल्या भागात माहिती उरत नाही, ती नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही, गडद भागातून मात्र बरेच काही बाहेर काढता येते. म्हणून शंका असेल तेव्हा चित्र किंचित काळोखे ठेवावे.

आपली प्रगती तपासा – १
(अ) ‘छायाचित्र काढणे’ या प्रयोगातील क्रियापदाच्या तीन अर्थच्छटा स्पष्ट करा.
(आ) शुद्ध चतुर्थीला भरतीची स्थूल वेळ कोणती? त्या दिवशी सकाळी ओहोटीचे चित्र काढावयाचे झाल्यास किती वाजता पोहोचाल?

४.४ नोंदीचे छायाचित्र

आतापर्यंत सौंदर्याचा विचार केला. परंतु छायाचित्राकडून नेहमीच सौंदर्याची अपेक्षा असते असे नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या तालुक्यांत घरांची छपरे उडाली आणि नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली तर फळ धरायला पाच-सहा वर्षे तरी लागतात. तेव्हा नुकसान एका हंगामाचे नव्हते. अशा आपत्तीनंतर तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्यासाठी येतात. त्याआधी झाडे तोडून वाट मोकळी करावीच लागते. आणि मग वाडीत काय होते व काय गेले याचा पुरावा म्हणून पुष्कळदा मोबाइलवरची छायाचित्रेच हाताशी राहतात.

भाषेच्या दृष्टीने येथे एक मूलभूत अडचण आहे. छायाचित्राला संख्याविशेषण नाही, काळ नाही आणि नकारही नाही. एक मोडलेली पोफळ चौकटभर घेतली तर ते चित्र ‘एक झाड पडले’ असेही म्हणते आणि ‘सगळे गेले’ असेही म्हणते; कोणते, हे चित्र स्वतः सांगू शकत नाही. ‘येथे चाळीस झाडे होती’ हे वाक्य मराठीत कोणीही सहज उच्चारील. रिकाम्या जागेच्या छायाचित्राला ते उच्चारता येत नाही. अभाव दाखवायचा तर दोन चित्रे लागतात, आधीचे आणि नंतरचे, आणि तीही एकाच जागेवरून काढलेली. म्हणून ज्यांची वाडी, शेत किंवा किनाऱ्यालगतचे घर आहे, त्यांनी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ठरलेल्या दगडावर किंवा विहिरीच्या कठड्यापाशी उभे राहून त्याच दिशेने एक चित्र काढून ठेवावे, असे मी आग्रहाने सुचवीन. त्या चित्रात सौंदर्य नसले तरी चालेल.

नोंदीच्या चित्रांचा क्रमही ठरविता येतो. प्रथम चारही कोपऱ्यांतून वाडीचे पूर्ण दृश्य, ज्यात घर, विहीर, बांध असे काहीतरी न हलणारे येईल. नंतर मध्यम अंतरावरून ओळीतली झाडे, मोजता येतील अशी. मग जवळून मोडलेला बुंधा, शेजारी माप कळण्यासाठी कोयता किंवा काठी ठेवून. जवळचे चित्र एकटे पाठवू नये. ते कोणत्याही वाडीतले असू शकते.

येथे रचनेचे काही नियम उलटे होतात. मोबाइल जरा तिरका धरला तर चित्र ‘वेगळे’ दिसते म्हणून काहींना ते आवडते. नोंदीच्या चित्रात मात्र तिरक्या चौकटीमुळे सरळ उभी झाडे कललेली आणि कललेली झाडे सरळ दिसू लागतात. मोबाइल वर उचलून उंच झाडांकडे रोखला तर बुंधे वर एकमेकांकडे झुकल्यासारखे भासतात, आणि रुंद भिंगाने कडेची झाडे बाहेर ताणली जातात. म्हणून मोबाइल सरळ धरून, थोडे मागे जाऊन चित्र काढावे. जे सौंदर्यचित्रात केवळ शैली ठरते, ते येथे चुकीचे विधान ठरते.

४.५ संपादन

संपादनाचा पहिला नियम तांत्रिक नाही: मूळ प्रत तशीच ठेवावी आणि सर्व बदल दुसऱ्या प्रतीवर करावेत. हस्तलिखिताची मूळ प्रत संपादक जपतो तसेच हे आहे. मोबाइलसाठी स्नॅपसीड आणि संगणकासाठी गिम्प ही साधने विनामूल्य मिळतात. आरंभाला तेवढी पुरेत.

कामाचा क्रम साधारण असा ठेवावा. आधी क्षितिज सरळ करावे. समुद्राचे पाणी एका बाजूने ओघळून जाताना दिसणे हा किनाऱ्यावरील चित्रांतला सर्वांत सार्वत्रिक दोष आहे. मग कडा छाटाव्यात, म्हणजे क्रॉप करावे. येथे थोडा हिशेब हवा. ४००० × ३००० पिक्सेलच्या चित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात. लांबी-रुंदी दोन्ही निम्म्या केल्या तर ३० लाख उरतात, निम्मे नव्हे तर पाव. छपाईला इंचाला ३०० बिंदू धरले, तर मूळ चित्र सुमारे १३ × १० इंच छापता येते आणि छाटलेले जेमतेम ६.७ × ५ इंच. स्मरणिकेच्या पानभर चित्रासाठी ते अपुरे पडेल.

त्यानंतर उजेड. हिस्टोग्राम नावाचा आलेख चित्रातील बिंदू काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कसे वाटले गेले आहेत ते दाखवितो. उजव्या टोकाला भिंतीला टेकलेला उंच ढीग दिसला तर तेथील तपशील जळाला असे समजावे. नेहमीच्या जेपीइजी प्रकारात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या साठतात. रॉ प्रकारात १२ बिट असल्यास ४,०९६ आणि १४ बिट असल्यास १६,३८४. पायऱ्या जितक्या अधिक, तितके चित्र संपादनात फाटत नाही. तीच जेपीइजी प्रत पुनःपुन्हा जतन केल्यास दर वेळी थोडी माहिती गळते. आणखी एक व्यावहारिक सूचना: व्हॉट्सअॅपवरून चित्र म्हणून पाठविलेली प्रत संकुचित होते आणि तिच्यातील तारीख, वेळ, स्थळ या नोंदी सहसा निघून जातात. वृत्तपत्राला किंवा कार्यालयाला पाठविताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

रंगाविषयी मात्र हात आखडता घ्यावा. व्हाइट बॅलन्स जुळविण्याचा हेतू पांढऱ्याला पांढरे दाखविणे हा आहे. संध्याकाळचा पिवळेपणा पुसून टाकणे हा नव्हे. रंगांची तीव्रता वाढविणारी पट्टी नवशिक्यांना फार भुलविते. अलिबागची वाळू काळसर आहे, काशीदची पांढरट. खाड्यांच्या मुखांशी पाणी गढूळ असते आणि पावसाळ्यात तर मातकट. पट्टी सरकवून हे सगळे निळेशार व पांढरेशुभ्र केले की अलिबागचे काशीद होते, आणि काशीदचे कुठले तरी परदेशी बेट. प्रमाणभाषेच्या हट्टापायी बोली पुसून टाकण्याचाच हा प्रकार, असे माझ्यासारख्या भाषाभ्यासकाला वाटते.

४.६ विधान कोठे बदलते?

संपादनातून चित्राचे विधान कसे बदलते, याची दोन उदाहरणे जगभर चर्चिली गेली. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गिझाच्या पिरॅमिडांचे आडवे छायाचित्र उभ्या पानात बसविण्याकरिता पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकविले. ऑगस्ट २००६ मध्ये ‘रॉयटर्स’ला बैरूतच्या एका छायाचित्रात धुराचे लोट वाढविलेले आढळले, संस्थेने ते मागे घेतले आणि त्या छायाचित्रकाराशी संबंध तोडला. दुसऱ्या उदाहरणाचे असत्य कोणालाही दिसते. पहिले अधिक विचार करायला लावणारे आहे, कारण तेथे हेतू निव्वळ मांडणीचा होता.

हेच आपल्या किनाऱ्यावर आणून पाहा. मुरूडसमोरच्या समुद्रात पद्मदुर्ग आहे आणि राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी जंजिरा. दोन्ही किल्ले एका चौकटीत नीट बसावेत म्हणून मधले पाणी कमी केले, तर चित्र देखणे होईल. परंतु जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी छत्रपती शिवाजी महाराजांनी पद्मदुर्ग उभारला, आणि त्या शह-प्रतिशहाचा सगळा अर्थ त्या मधल्या पाण्यात आहे. तोफेचा पल्ला, गलबतांची वाट, पाळतीची जागा, हे सारे अंतरावर अवलंबून असते. अंतर हा तेथे रिकामा भाग नाही.

आणि तरीही, न सरकविता केवळ छाटूनही विधान बदलतेच. समुद्रकिनाऱ्याच्या पर्यटनपत्रकातील चित्रांत बोंबील वाळत घातलेले बांबूंचे मांडव, जाळी विणणारी माणसे, कचऱ्याचा ढीग सहसा दिसत नाही. छायाचित्रकार तेवढ्यापुरता कोन बदलतो. एकही बिंदू खोटा नाही, पण किनारा मनुष्यवस्तीशिवायचा झाला. याच्या उलट उदाहरण सुधारक ओलवे यांचे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची त्यांनी दीर्घकाळ काढलेली कृष्णधवल छायाचित्रे पाहावीत. इतरांनी चौकटीबाहेर ठेवलेल्या माणसांनाच त्यांनी चौकट दिली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. कोळीवाड्यात चित्रे काढताना आधी विचारावे, नको म्हटले तर कॅमेरा खाली करावा, आणि नुसत्या टोपलीचे नव्हे तर ती वाहणाऱ्या बाईच्या कामाचे चित्र मिळावे म्हणून तिच्या वेळेनुसार थांबावे.

चित्राला जे बोलता येत नाही ते ओळीने बोलावे: स्थळ, दिनांक, संख्या, आणि काही बदल केला असल्यास तो. ‘वादळाचा तडाखा’ ही ओळ चित्रात दिसते तेच पुन्हा सांगते. ‘श्रीवर्धन तालुक्यातील एका वाडीत आडव्या झालेल्या पोफळी, उजवीकडील विहिरीपासून बांधापर्यंत पूर्वी तीन ओळी होत्या’ ही ओळ चित्राला संख्या, काळ आणि नकार तिन्ही पुरविते.

आपली प्रगती तपासा – २
(अ) क्षितिज सरळ करणे, रंग गडद करणे, विजेचा खांब पुसणे आणि कडा छाटणे यांपैकी कोणत्या क्रियांनी विधान बदलते? बातमी, पर्यटनपत्रक आणि पंचनामा यांसाठी आपले उत्तर सारखेच राहील का?
(आ) ‘छायाचित्राला नकार नाही’ या विधानाचे दोन उदाहरणे देऊन विवेचन करा.

४.७ उपक्रम

आपल्या परिसरातील एक जागा निवडा. ती किनारा असलीच पाहिजे असे नाही. बाजार, पाणवठा, एस. टी. स्थानक चालेल. त्याच ठिकाणी उभे राहून सकाळी व संध्याकाळी प्रत्येकी एक चित्र काढा. त्यांपैकी एकाच्या दोन प्रती करा: पहिलीत फक्त क्षितिज व उजेड दुरुस्त करा, दुसरीत कडा अशा छाटा की पाहणाऱ्याचा त्या जागेविषयीचा समज बदलेल. तिन्ही चित्रांना प्रत्येकी पंचवीस शब्दांपर्यंतची ओळ लिहा. मूळ प्रत, संपादित प्रती आणि ओळी संपर्कसत्रास येताना सोबत आणाव्यात. आधी ओळी झाकून चित्रे इतर विद्यार्थ्यांना दाखवावीत आणि त्यांनी काय वाचले ते लिहून घ्यावे.